पणजोबांचे बसऱ्याचे कागद ऑनलाइन मागवतेय, दोनदा चुकीचेच आले. कुठून सुरुवात करू?

दांडियाबाजारची लेक (बडोदा)

नमस्कार. थोडं लांबण लागणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

माझे वडील, आमचे अण्णा, ८८ वर्षांचे आहेत. त्यांचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या पावसाळ्यात, बडोद्याहून बसऱ्याला (आजच्या इराकमध्ये) गेले आणि परत आलेच नाहीत. घरात पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो ते असं: पणजोबा इंग्रजी शिकलेले, पलटणीत साहेबाच्या हापिसात हेडक्लार्क होते, तिकडे तापाने गेले. पणजी तेव्हा जेमतेम विशीतली, पदरात दीड वर्षाचा मुलगा. अण्णांना ती चांगली आठवते. पण नवऱ्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि विचारायची कुणाची छातीही झाली नाही.

फोटो नाही, पत्र नाही. आहे ती एकच वस्तू. रुपयापेक्षा मोठं, तांबूस रंगाचं एक पदक. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस आणि १९१४ व १९१८ हे आकडे. आम्ही मुलं त्याला ‘घोडेवाला रुपया’ म्हणायचो. पणजीने ते देवात ठेवलं होतं. त्यामुळे दर दिवाळीला देवांची भांडी घासताना तेही चिंचेने लख्ख घासलं जायचं. आजीने घासलं, आईने घासलं, मीही घासलं. फीत केव्हाच कुजून गेली.

अण्णांची एकच इच्छा आहे, आजोबांचा एक तरी कागद बघायचा. मी निवृत्त शिक्षिका, वेळ आहे, कॉम्प्युटर येतो, म्हणून कंबर कसली. एका ठिकाणी सूचीत आडनाव, ‘क्लार्क’ आणि ‘मेसोपोटेमिया’ (इराकचं तेव्हाचं नाव) हे तिन्ही शब्द एका ओळीत दिसले. माझे हात थरथरायला लागले. पैसे भरले, प्रती आल्या. अण्णांना खुर्चीत बसवून, चष्मा पुसून देऊन मी पहिलं पान वाचायला घेतलं, तर तो माणूस भलत्याच प्रांतातला, मुलगा पेशावरला नोकरीत, वय पन्नाशीचं. अण्णा काही बोलले नाहीत. नुसते ‘ठेव’ म्हणाले. दुसऱ्यांदा परदेशातल्या एका अभिलेखागाराला फी भरून पानं तपासायला सांगितली. उत्तर आलं की या गठ्ठ्यात असं नाव नाही. पैसे गेले त्याचं वाईट वाटत नाही. अण्णांना पुन्हा खुर्चीत बसवून असं काही वाचायचं नाही, एवढंच ठरवलंय.

तेव्हा जाणकारांनी सांगावं. दिल्लीला मागू की लंडनला? की इथे बडोद्यातच काही आहे? आणि खात्री झाल्याशिवाय पैसे भरायचे नसतील तर खात्री कशी करायची?

---

माजी सुभेदार, सातारा

ताई, पहिली गोष्ट, ते पदक उद्यापासून घासू नका. चिंच नाही, पितांबरी नाही, काही नाही.

दुसरी गोष्ट. आपण वर्णन केलंत ते ब्रिटिश वॉर मेडल. त्याच्या कडेवर, म्हणजे नाण्याला जिथे खाचा असतात त्या जाडीवर, माणसाचा नंबर, हुद्दा, नाव आणि दल कोरलेलं असतं. तुमचा सगळ्यात मोठा कागद तुमच्या देव्हाऱ्यात आहे. अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवी धरा, उजेड कडेवरून तिरपा जाऊ द्या आणि पदक हळूहळू फिरवत मोबाइलने फोटो काढा. समोरून उजेड टाकलात तर काहीच दिसणार नाही.

तिसरी गोष्ट जरा जपून सांगतो. हे पदक लढाऊ शिपायांना चांदीचं मिळे. ब्राँझचं मिळे ते मजूर आणि पलटणीबरोबरच्या बिनलढाऊ माणसांना: भिस्ती, स्वयंपाकी, डोलीवाले, हमाल. तुमचं खरंच तांबूस असेल तर ‘हेडक्लार्क’ या शब्दावर फार विसंबू नका. यात कमीपणा काही नाही. मेसोपोटेमियाच्या मोहिमेवर हिंदुस्थानातून पावणेसहा लाखांहून जास्त माणसं गेली, त्यातली निम्म्याच्या आसपास बिनलढाऊ होती. पाणी, दाणागोटा, जखमी माणसं, सगळं त्यांच्या खांद्यावर होतं.

---

जुना दप्तरी (बडोदा)

सुभेदारसाहेबांनी मुळावर बोट ठेवलं. मी बडोद्यातच रेकॉर्डात नोकरी केली, रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडण्यात आणि बांधण्यात हयात गेली. म्हणून ताई, हक्काने लिहितो.

आपण घरातली माणसं, आपण नावाने शोधतो. दप्तर नावाने लावलेलं नसतं. कागद ज्या कचेरीत, ज्या कामासाठी तयार झाला, त्या कचेरीच्या बस्त्यात तो राहतो. म्हणून मागणी नोंदवण्याआधी एका कोऱ्या कागदावर लिहून काढा: पणजोबांचं नाव लिहून ठेवणं कुणाला भाग होतं? भरती करणाऱ्याला. पगार वाटणाऱ्याला. मृत्यूची खबर कळवणाऱ्याला. आणि मागे राहिलेल्या बायकोला पैसे देणाऱ्याला. या चार ठिकाणांखेरीज पाचव्या ठिकाणी साध्या माणसाचं नाव सापडलं तर ते नशीब समजा. तुमच्या पणजीला पैसे कोण आणून देत होतं, हे अण्णांना विचारा. टपालवाला, की सरकारी शिपाई, की ती स्वतः कुठल्या कचेरीत जाऊन घेत होती? जुन्या माणसांना नवऱ्याची गोष्ट आठवत नाही, पैशाची वाट आठवते.

आता दिल्ली. राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे पोर्टल आहे. नाव नोंदवा, शोधा, स्कॅन झालेल्या पुष्कळ फाइली घरबसल्या पाहता येतात. न झालेल्यांसाठी मागणी नोंदवता येते. पण तिथे शोध लागतो तो फाइलीच्या शीर्षकातला. आतल्या पानांवरची नावं शोधयंत्राला दिसत नाहीत. शीर्षक कारकुनाने त्या काळच्या इंग्रजीत घातलेलं. तेव्हा बसरा हा शब्द दोन-तीन प्रकारे टाकून बघा, शेवटी एच लावून आणि न लावून. मेसोपोटेमियाच्या फौजेला कागदोपत्री ‘फोर्स डी’ म्हणत, तोही शब्द टाका. बडोद्याच्या जुन्या फाइली हव्या असतील तर गायकवाड हे आडनाव ‘गायकवार’ आणि त्याहून जुन्या कागदांत ‘गुइकोवार’ असं लिहिलेलं मिळतं. गणपतचं स्पेलिंग गुनपुट केलेलं मी स्वतः पाहिलंय. संस्थानांचा पत्रव्यवहार फॉरिन अँड पोलिटिकल खात्यात असतो, फौजेचा आर्मी खात्यात. खात्याची चाळणी लावली की हजारातले नऊशे निकाल गळतात. आणि शीर्षकात तुमच्या माणसाचं आडनाव दिसलं म्हणून लगेच पैसे भरू नका. आडनाव, गाव आणि साल, तिन्हींतल्या दोन गोष्टी तरी जुळल्या पाहिजेत. तुमच्या पेशावरवाल्या फाइलीत गाव जुळत नव्हतं, ते आधी विचारलं असतं तर कळलं असतं.

बडोद्याचं सांगायचं तर संस्थान १ मे १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं, १ मे १९६० ला गुजरात वेगळं झालं. संस्थानी दप्तराचा मोठा भाग मात्र इथेच राहिला आणि आज तो गुजरात राज्याच्या अभिलेखागाराकडे आहे. ऑनलाइनच्या नादात बडोदेकर हेच विसरतात. पणजोबा बसऱ्याला जाण्याआधी काय करत होते? संस्थानच्या नोकरीत असतील तर त्यांची नेमणूक, रजा, नाव कमी केल्याचा हुकूम इथे असू शकतो. मोठ्या नेमणुका आज्ञापत्रिकेत, म्हणजे संस्थानच्या गॅझेटात, छापून येत. लहान माणसं खात्याच्या पगारपत्रकात. अर्ज करताना ‘माझ्या पणजोबांची माहिती द्या’ असं लिहू नका. त्याला उत्तर मिळत नाही. ‘अमुक खातं, सन १९१४ ते १९१७, पगारपत्रकं पाहायची आहेत’ असं लिहा, मग रुमाल बाहेर येतो.

जुने मराठी कागद मोडीत आहेत, महालांतले, म्हणजे तालुक्यांतले, बरेचसे गुजरातीत. शब्द अडले तर घाबरू नका. कारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला कोश सयाजीराव महाराजांनी १९३१ साली छापवून घेतला होता, जुन्या ग्रंथालयात मिळतो. अशी माणसं होती ती. शब्दाचीसुद्धा सोय करून गेली.

---

बडोदेकर सध्या लंडन

काकांचं वाचून कोठीतल्या जुन्या दप्तराचा वास आला नाकात. मी फक्त इकडचं सांगते.

ताई, लंडनमध्ये दोन वेगळ्या जागा आहेत आणि लोक त्या एक समजतात. क्यू इथलं नॅशनल आर्काइव्ह्ज, आणि सेंट पँक्रसची ब्रिटिश लायब्ररी, जिथे इंडिया ऑफिसचं दप्तर आहे. क्यूच्या सैनिकी फाइली ब्रिटिश आर्मीच्या. इंडियन आर्मी हे वेगळं खातं होतं. शिवाय पहिल्या महायुद्धातल्या साध्या ब्रिटिश सैनिकांच्या फाइलींपैकी निम्म्याहून जास्त सप्टेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात जळून गेल्या. तिथे तुमच्या पणजोबांची फाइल शोधणं म्हणजे भलत्याच घराचं दार ठोठावणं.

ब्रिटिश लायब्ररीत हिंदी फौजेचे कागद ढिगाने आहेत, पण माणूस म्हणून नोंद असते ती मुख्यतः अधिकाऱ्यांची. साध्या शिपायाची किंवा नोकराची वैयक्तिक फाइल तिथे नसते. जन्म-लग्न-मृत्यूची म्हणून जी मोठी मालिका दाखवतात ती बाप्तिस्मा, चर्चमधलं लग्न आणि दफन यांची, आपल्या घरांची नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या यंत्रणेवर सायबर हल्ला झाला आणि सूची नि प्रती मागवण्याचं काम कितीतरी महिने विस्कळीत होतं, तेव्हा जुने लेख वाचून पायऱ्या चढायला जाऊ नका.

आणि ती पानतपासणीची फी. तुम्ही दिलेल्या संदर्भ क्रमांकाच्या गठ्ठ्यात किती पानं आहेत, प्रतींना किती पडतील, हे पाहण्यासाठी ती असते. नाव शोधून काढून देण्यासाठी नसते. संदर्भ क्रमांक पक्का असेल तरच ती भरावी. मीही एकदा अशीच फसले होते, माझ्याच घाईने.

फुकटातलं एक काम आजच करा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, म्हणजे युद्धात गेलेल्यांची थडगी नि स्मारकं सांभाळणारी संस्था, तिच्या साइटवर नाव टाकून बघा. पैसे लागत नाहीत.

---

माजी सुभेदार, सातारा

कमिशनच्या साइटबद्दल एक पुस्ती. बसरा मेमोरियलवर ज्यांना थडगं नाही अशा चाळीस हजारांवर माणसांची आठवण आहे. पण १९२९ साली ते उभं राहिलं तेव्हा अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि आपल्या साध्या शिपायांचा पलटणवार फक्त आकडा टाकला. अमुक पलटण, इतके. नावं वहीत राहिली, काहींची तीही नाही. स्वतः कमिशननेच २०२१ च्या अहवालात हे मान्य केलं. तेव्हा तिथे नाव नाही मिळालं तर माणूस नव्हता असं समजू नका, ताई. मी २८ वर्षं वर्दी घातली, हे लिहिताना अजून घसा दाटतो.

---

लष्करची सून, ग्वाल्हेर

मला पुराभिलेख वगैरे काही कळत नाही. पण आमच्या सासऱ्यांच्या आजोबांचं मूळ गाव आम्हाला नाशिकला कळलं. घरात कुणी गेलं, तीर्थाला जाऊन कुणी विधी केला, की तिथले उपाध्ये वहीत लिहून घेतात. कोण आलं, कुणासाठी आलं, बाप, आजा, गाव. तुमच्या पणजीने देहाशिवाय नवऱ्याचं क्रियाकर्म कुठेतरी केलंच असणार. नाशिक किंवा त्र्यंबकेश्वर. तिथे विचारा. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की ते आपल्या उपाध्यांकडे पोचवतात. काकांच्या चार ठिकाणांत हे पाचवं धरा.

---

जुना दप्तरी (बडोदा)

बरोबर आहे सूनबाई. धरलं.

---

दांडियाबाजारची लेक (बडोदा)

तीन आठवड्यांनी लिहितेय. तुम्हा सगळ्यांना आधी हात जोडते.

रात्री देवघरातले दिवे बंद करून पदक बघितलं. भाचा टॉर्च धरून, मी पदक फिरवतेय, अण्णा दाराशी खुर्चीत. अर्ध्या कडेवर काहीच नाही, आरशासारखी गुळगुळीत. आम्हीच घासून घालवलेलं. मग टॉर्च अजून खाली नेली, जवळजवळ पाटाला टेकवली, तेव्हा एकेक अक्षर सावलीसारखं वर आलं. आधी आकडे, त्यातला शेवटचा गेलेला. मग एस, वाय, सी, ई. मला वाटलं चुकीचं लिहिलेलं आडनाव असेल. पुढे पणजोबांचं नाव, स्पेलिंग विचित्र पण त्यांचंच, आणि शेवटी आर, ई, एम. पुढचं पुसलेलं.

चारही अक्षरं मी मोठ्याने वाचली. सुभेदारसाहेब, तुम्हाला विचारावं लागलं नाही. भाचा मोबाइलवर शोधून म्हणाला, ‘साईस, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा.’ मोतद्दार. शेवटची तीन अक्षरं बहुतेक ‘रिमाउंट’ची, फौजेला घोडे पुरवणाऱ्या खात्याची. बरोबर ना?

मला भीती होती अण्णांची. ८८ वर्षं ज्यांनी हेडक्लार्कचा नातू म्हणून सांगितलं, त्यांना कसं वाटेल. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘रावपुऱ्यात टांगा उभा असला की आजी पदरातून गुळाचा खडा काढायची. घोड्याला भरवल्याशिवाय पुढे जायची नाही. सोवळ्यातली बाई, लोक हसायचे. मी तिचा हात ओढायचो.’ एवढं बोलून ते रडले. मीही.

मग त्यांना आपोआप एकेक आठवायला लागलं. काका, तुमचा प्रश्न विचारला. पैसे टपालाने येत नसत. वर्षातून दोनदा पणजी त्यांना बोटाला धरून एका कचेरीत न्यायची, अंगठा उठवायची. आत जाताना डाव्या हाताला पिंपळ होता आणि शिपाई तिला ‘पागेवाली बाई’ म्हणून हाक मारायचा. पागेवाली! म्हणजे बसऱ्याच्या आधी ते इथल्या पागेतच असणार.

पेशावर आणि लंडन मी बंद केलं. आता अर्ज बडोद्यातच देतेय, काकांनी सांगितलं तसा: पागा खातं, सन १९१४ ते १९१७, पगारपत्रकं. मोडी वाचणारं कुणी बडोद्यात असेल तर इथेच कळवा, मी स्वतः येऊन भेटेन. नाशिकला दिवाळीनंतर जाईन, अण्णांचं तब्येतीचं बघून.

---

माजी सुभेदार, सातारा

बरोबर, रिमाउंटच. लढाईत घोडा उभा राहिला तो या माणसांमुळे. अण्णांना माझा सलाम सांगा, खराखुरा.

---

जुना दप्तरी (बडोदा)

मोडी मी वाचतो, ताई. भेटायला यायची तसदी घेऊ नका, रुमाल निघाला की मीच रेकॉर्डात येतो. अर्जात पगारपत्रकांच्या जोडीला ‘मयत नोकरांच्या कुटुंबांना दिलेल्या नेमणुका’ (म्हणजे बांधून दिलेले पैसे) हेही घाला, सन १९२० ते १९५०. अंगठा उठवलाय म्हणजे पावती आहे.

---

दांडियाबाजारची लेक (बडोदा)

घातलं. अर्ज काल दिला. फॉर्मवर ‘पूर्वजाचा हुद्दा’ असा रकाना नव्हता, मी रिकाम्या जागेत ‘संस्थानी नोकर’ लिहीत होते. अण्णांनी पेन काढून घेतलं आणि कापऱ्या हाताने स्वतः लिहिलं: मोतद्दार.